इम्पॅक्ट ड्रायव्हरने भिंतीला भोक का पडलं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुम्ही १२ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणारं बॅटरीवरचं मशीन, घेतलात. पडद्याच्या रॉडसाठी भिंतीला एक भोक पडेना, बाथरूमच्या दाराला कडी लावताना तीन काळे स्क्रू तुटले, आणि तेवढ्याच पैशात ऑनलाइन ४८ व्होल्टचं मशीन दोन बॅटऱ्यांसकट मिळत होतं. "लोकांचे पैसे वाया घालवू नका," असं तुम्ही लिहिलंय.

भिंतीची चूक माझी. हे मशीन भिंतीसाठी नाही, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. मी ते शेवटी उरकलं होतं; आज वर घेतलंय. हॅमर ड्रिलचा ठोका बिटच्या टोकाकडे, सरळ भिंतीत बसतो, म्हणून काँक्रीट फुटतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या आत स्प्रिंगवर बसवलेला हातोडा असतो. स्क्रू अडला की तो मागे सरकतो आणि फिरण्याच्या दिशेने ठोका देतो. त्याने स्क्रू फिरतो, भिंत फुटत नाही. रॉडच्या चार भोकांसाठी कुणाचं तरी वायरवालं हॅमर ड्रिल तासभर मागून आणा, ६ मिमीचं भोक पाडा, गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी) ठोका. पुढचे स्क्रू तुमचं मशीन आरामात बसवेल.

तुटलेल्या स्क्रूंचं मात्र वेगळं आहे. काळे स्क्रू जिप्सम बोर्डासाठी असतात. कडक, पण ठिसूळ. सागवानात भोक न पाडता घातले तर साध्या ड्रिलनेही तुटतात, इथे तर जोर कितीतरी जास्त. बॉशचंच उदाहरण घ्या: त्यांचा १२ व्होल्टचा जीएसआर १२० ड्रिल ड्रायव्हर ३० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) देतो, त्याच बॅटरीवरचा जीडीआर १२० इम्पॅक्ट ड्रायव्हर १०० देतो. म्हणून आधी २ मिमीचं भोक, मग स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, त्याला किंचित मेण किंवा साबण. आणि कान द्या. आधी नुसती घरघर असते, मग टर्रर्र सुरू होतं. ते सुरू झालं की हातोडा मारतोय. लहान स्क्रूला तिथेच बोट उचलायचं आणि शेवटचा अर्धा फेरा हाताने. मोटर फिरतेय म्हणून दाबत राहिलं की डोकं उडतं.

आता ४८ व्होल्ट. लिथियम सेल सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट देतो, पूर्ण भरला तरी ४.२. ४८ व्होल्टसाठी असे १३ सेल एकामागे एक जोडावे लागतात. तळहातात मावणाऱ्या त्या बॅटरीत सहसा पाचच असतात, म्हणजे खरे १८, चार्ज केल्यावर २१. बाकीचं फक्त स्टिकरवर. शिवाय अशा मशीनची बॅटरी दोन वर्षांनी गेली तर तशीच दुसरी मिळवताना दम निघतो. म्हणूनच मी १२ व्होल्ट सुचवला: सुटी बॅटरी दुकानात मिळते, आणि वजन एवढं कमी की डोक्यावरच्या कपाटातही एका हाताने काम होतं.

तरीही हेच मशीन का? गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या घराच्या मागच्या दाराची बिजागरी काढायची होती. स्क्रू गंजून चौकटीशी एकजीव झालेले. पेचकसाने खाच सपाट व्हायला लागली होती. खाच खरवडून साफ केली, नेमक्या मापाचं बिट बसवलं, अंगाचा भार देऊन उलटं फिरवलं. तीनेक सेकंद टर्रर्र, मग एक 'कट्', आणि लाल भुकटी सांडत स्क्रू बाहेर. आठपैकी सात निघाले. साध्या ड्रिल ड्रायव्हरने आदल्या दिवशी एकही हलला नव्हता, मनगट तेवढं पिळवटलं.

तुमच्या दारातले तुकडे २-३ मिमी वर असतील तर व्हाइसग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) घट्ट धरून हळूहळू उलटे फिरवा. आत रुतले असतील तर उकरू नका, लाकूड फाटेल. कडी बोटभर वर सरकवा आणि नवी भोकं पाडा. सरकवल्यावर समोरचा कोयंडाही तेवढाच वर घ्यायला विसरू नका.