सीट फाटली, पैसे कुणी द्यायचे?

पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीत सध्या एकच विषय गाजतोय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा लॅब्रॅडोर पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटा फाडतो. ग्रुपवर दोन तट पडलेत. एकाला सोसायटीत कुत्रेच नकोत, दुसऱ्याच्या मते बाकीच्यांना मुक्या जिवाची दयामाया नाही. सीटचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी राहतो त्या हॅनोव्हरमध्ये सुरुवातच या प्रश्नापासून होते. जर्मन नागरी कायद्याचं कलम ८३३ सांगतं की घरच्या प्राण्याने नुकसान केलं तर भरपाई मालकाने द्यायची, मग त्याचा हलगर्जीपणा असो वा नसो. पोटापाण्यासाठी पाळलेल्या जनावराच्या मालकाला तेवढी सूट मिळू शकते, तीही त्याने पुरेशी काळजी घेतली असेल तर. शिवाय आमच्या लोअर सॅक्सनी राज्यात सहा महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याचा दायित्व विमा, म्हणजे त्याने इतरांचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. त्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी किमान २,५०,००० युरोंचं संरक्षण लागतं.

शेजारणीच्या कुत्र्याने कुंपणाखालून येऊन आमच्या सायकल-ट्रेलरचं कापड फाडलं, तेव्हा तिने आपणहून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक चिठ्ठीवर लिहून आमच्या पत्रपेटीत टाकला. मी फोटो आणि जुनी पावती पाठवली. पैसे आले, पण नव्या कापडाचे नाहीत, वापरून जुन्या झालेल्या कापडाच्या किमतीइतके. कुत्रा गुणी की वांड, यावर चर्चाच झाली नाही. खरं सांगायचं तर तिने बेल वाजवून दोन शब्द बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. (पुण्यात काकू निदान वाटीभर शिरा घेऊन आल्या असत्या. पैसे अर्थात दिले नसते.)

इथेही सगळंच वसूल होतं असं नाही. शेजाऱ्याचं एखाद-दुसरं मांजर बागेत फिरतं तेवढं सोसा, असंच इथली न्यायालयं बहुधा सांगतात. वाफ्याला जाळी लावा, पाणी उडवा, पण इजा करायची नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं थोडंच आहे? गुरांनी पीक खाल्लं तर ती कोंडवाड्यात घालायची सोय १८७१ च्या कायद्यात आहे. पण पाळीव प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २९१ माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्यापुरतं आहे, फाटलेली सीट त्यात बसत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावायचा. दोन-तीन हजारांसाठी कोण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार? मग राग साठतो आणि एखादा माथेफिरू विष घालतो. त्याला मात्र त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भावाला मी सांगितलंय, सीसीटीव्हीचं फुटेज आणि सीटचं बिल लेखी अर्जासोबत काकांना दे, सेक्रेटरीला प्रत दे, आणि बंदीच्या ठरावावर सही करू नकोस. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही.

भांडायचंच असेल तर विम्यासाठी भांडा. कुत्र्याच्या काही पॉलिसींमध्ये इतरांच्या नुकसानभरपाईची सोय आपल्याकडेही मिळते. महापालिका कुत्र्याचा परवाना देतेच, तर त्या अर्जाला अशा पॉलिसीची प्रत जोडायला लावावी. हप्ता मालकाने भरायचा, आणि ‘आमचा काही करत नाही हो’ म्हणणाऱ्याने सगळ्यात आधी.