घरी इसीयू अपडेट करताना बंद पडलेली गाडी : आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा सविस्तर मजकूर मी दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ४,५०० रुपये सांगून आम्ही ९,४०० रुपयांचे बिल केले, एका दिवसाचे काम तीन दिवस लांबवले, आणि आपण आणलेली इंजिनाच्या सॉफ्टवेअरची फाइल गाडीत घालायला नकार देऊन वर ‘हे घरी करायचे काम नाही’ असे सांगून आपल्याला घाबरवले. यातली पहिली तक्रार खरी आहे. चूक आमची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आपली डिझेल गाडी टोचन करून आमच्या भोसरीच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने सुटत होता. स्कॅनरला एबीएस, एअरबॅग, मीटर ही सगळी युनिट्स दिसत होती. फक्त इंजिनाचे नियंत्रण करणारे संगणकी युनिट, म्हणजे इसीयू, उत्तर देत नव्हते. अशा वेळी आधी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधूनच मूळ फाइल पुन्हा लिहून पाहतात. ४,५०० रुपये त्या कामाचे होते. तिथून जमले नाही तर इसीयू काढून उघडावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा असतो, हे काउंटरवर आपल्याला कोणी सांगितले नाही, आणि उघडण्याची वेळ आली तेव्हाही आमच्या तंत्रज्ञाने आपल्याला फोन केला नाही. गाडी लवकर सुरू व्हावी एवढाच त्याचा हेतू होता, परंतु मालकाची संमती घेतल्याशिवाय सीलबंद युनिट उघडण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यामुळे वरचे ४,९०० रुपये आम्ही आपल्याला परत करत आहोत. यापुढे इसीयू उघडण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेतली जाईल. तसा कागद आता काउंटरवर ठेवला आहे.

तीन दिवस मात्र हलगर्जीमुळे लागले नाहीत. आपल्या इसीयूचे ॲल्युमिनियमचे झाकण करड्या सीलंटने चिकटवलेले असते. ते गरम करून, पातळ पाते कडेने इंच-इंच सरकवत सोडवावे लागते, कारण पाते जरा आत गेले तरी बोर्डावरचे बारीक घटक उडतात. मग भिंगाखाली सुईसारखे प्रोब नेमक्या ठिपक्यांवर टेकवून प्रोसेसर बूट मोडमध्ये न्यावा लागतो आणि तिथून मूळ सॉफ्टवेअर लिहावे लागते. काम झाल्यावर नवे सीलंट भरून ते पूर्ण वाळेपर्यंत युनिट तसेच ठेवावे लागते. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत ओल शिरते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण ‘गाडी सुरू झाली आहे ना, मग देऊन टाका’ म्हणालात, तेव्हा हे वाळणेच बाकी होते. ते आम्ही त्याच वेळी नीट समजावून सांगायला हवे होते.

आपण लिहिले आहे, ‘मी फक्त अपडेट करत होतो, ७१ टक्क्यांवर वीज गेली, यात माझा काय दोष?’ वीज गेली हा आपला दोष नाहीच. परंतु वीज गेल्याने गाडी का मरते, हे समजून घेतल्याशिवाय आमचे बिल आणि आमचा सल्ला दोन्ही अवास्तव वाटतील. इसीयूच्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर नवे लिहिता येत नाही. आधी जुना भाग पुसला जातो आणि मग तुकड्यातुकड्याने नवा भरला जातो, त्यामुळे मधल्या काळात त्या युनिटमध्ये जुने सॉफ्टवेअरही पूर्ण नसते आणि नवेही नसते. बहुतेक युनिट्समध्ये बूटलोडर नावाचा एक लहान भाग शाबूत राहतो आणि त्याच्या आधाराने सॉकेटमधूनच पुन्हा प्रयत्न करता येतो. आपल्या गाडीत तो भागही प्रतिसाद देत नव्हता, म्हणून झाकण उघडण्यापलीकडे मार्ग राहिला नाही.

आपण चार्जर लावला होता, ही काळजी आपण घेतलीत याबद्दल मला आदर आहे. मात्र साधा चार्जर हा बॅटरी भरण्यासाठी असतो. चालू कामात व्होल्टेज एका जागी धरून ठेवणे त्याला जमत नाही. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. फ्लॅश करताना, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिताना, चावी ‘ऑन’ आणि इंजिन बंद असते, म्हणजे अल्टरनेटर काही देत नाही, आणि पंखा, दिवे, ब्लोअर हे सगळे बॅटरीवरच पडते. आपल्या गाडीत आम्ही चावी लावून मोजले तेव्हा ११.७ व्होल्ट होते. त्या बॅटरीवर चार्जरचा आधार सुटल्याबरोबर काम थांबणारच होते, आणि आपणच सांगितल्याप्रमाणे तो गुरुवार होता. आपल्या भागात देखभालीसाठी वीज गुरुवारी जाते हे पुणेकरांना सांगायला नको. आमच्याकडे या कामासाठी वेगळा स्थिर पुरवठा असतो, जो भार कितीही हलला तरी साडेतेरा व्होल्टच्या आसपास टिकतो, आणि तो यूपीएसवर चालतो. अलीकडच्या ज्या गाड्यांना कंपनीकडून थेट इंटरनेटवरून अपडेट येतात, त्यांतही बॅटरी पुरेशी नसेल तर अपडेट सुरूच होत नाही, ते याच कारणाने.

आता फाइलविषयी. तिथे मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. आपण तिला अपडेट म्हणता, परंतु ती कंपनीची फाइल नव्हती. आपली मूळ फाइल आणि ग्रुपवरून मिळालेली ती फाइल आम्ही शेजारी ठेवून तपासल्या. तिच्यातला सॉफ्टवेअर क्रमांक आपल्या युनिटच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या ताकदीची) मर्यादा वाढवलेली होती आणि ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, पूर्ण बंद केलेला होता. वीज गेली नसती तरी ती फाइल त्या युनिटवर नीट चालली असती, याची खात्री मला देता येत नाही.

‘पीयूसी तर पास होते’ हा आपला मुद्दा वरवर बरोबर आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइड्स त्यात मोजलीच जात नाहीत. ईजीआरचे काम नेमके तीच कमी करण्याचे आहे, आणि तो बंद केला की काजळी उलट कमी दिसते. म्हणून गाडी पास होते आणि विषारी वायू मात्र वाढतो. २०१५ साली फोक्सवॅगनचे जे प्रकरण जगभर गाजले, ज्यात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या अडकल्या, ते फक्त चाचणीत प्रदूषण कमी दाखवणाऱ्या इंजिन नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचेच होते. आपल्या पुण्यातल्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने चाचण्या घेतल्यानंतर भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. त्या गाड्या सॉफ्टवेअर बदलूनच दुरुस्त करायच्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करू दिले नाही, ते मी माझ्या गॅरेजमध्ये एका गाडीपुरते करावे, हे मला पटत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही.

घरी हे काम करूच नये, असे माझे मत नाही, आणि आमच्या माणसाच्या बोलण्यातून तसा अर्थ निघाला असेल तर मी दिलगीर आहे. कंपनीची, आपल्याच युनिट क्रमांकाची फाइल, स्थिर पुरवठा, खात्रीचा इंटरफेस (गाडी संगणकाला जोडणारी वायर) आणि मूळ मेमरीची पूर्ण प्रत काढून ती तपासूनच पुढे जाण्याची शिस्त, एवढे असेल तर हौशी माणूसही ते करू शकतो. आपल्याकडची वायर स्वस्तातली नक्कल होती. तिने काढलेली आपली जुनी प्रत अर्धवट निघाली, हे मला सर्वांत धोक्याचे वाटले. इमोबिलायझरची (दुसऱ्या चावीने गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) माहिती असलेला भाग आम्हाला बोर्डवरून शाबूत वाचता आला म्हणून आपल्या त्याच चाव्या चालल्या. नाहीतर नवा इसीयू घेऊन तो गाडीशी जुळवून घेण्याचा खर्च आमच्या बिलाच्या अनेक पटींनी झाला असता.

आपल्या मूळ मेमरीची पूर्ण प्रत आम्ही पेनड्राइव्हवर घालून ठेवली आहे. ती आपली आहे, तिचे पैसे नाहीत. बॅटरीची लोड टेस्टही करून घ्या, ती दुसरीकडे केली तरी चालेल. ४,९०० रुपये आपण बिल भरलेल्या खात्यावरच जमा करू; पेनड्राइव्ह न्यायला याल तेव्हा मी स्वतः गॅरेजमध्ये असेन, गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी.