‘नष्ट केलंत तर भरपाई द्या’ : ऑस्ट्रेलियाची घटना असं म्हणत नाही

‘ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील कलम ५१(३१) नुसार तिथलं सरकार भरपाई दिल्याशिवाय तुमची कोणतीही वस्तू नष्ट करू शकत नाही. विमानतळावर ठामपणे सांगा, आय डू नॉट कन्सेंट. सामान परत द्यावंच लागतं, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. बंदुकांचे पैसे दिले, राज्यांचे पोलीसही याच कलमाने बांधलेले आहेत, फ्रान्सची माफी मागितली. सर्व मराठी बांधवांना पाठवा.’

हा मेसेज फिरत होता तोवर मी सोडून दिला होता. आता तो सांगलीला मावशीकडे पोहोचलाय. लेकीच्या बाळंतपणासाठी ती मेलबर्नला येतेय, आणि डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा यांच्यासोबत या मेसेजची प्रिंटही पर्समध्ये ठेवलीय म्हणते. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

आधी ते कलम. केंद्राच्या संसदेला ‘न्याय्य अटींवर’ (ढोबळमानाने, योग्य मोबदला देऊन) मालमत्ता संपादन करण्याचे, म्हणजे मिळवण्याचे, कायदे करता येतील, एवढंच त्यात आहे. नष्ट करण्याबद्दल एक अक्षर नाही. तुमचं किती गेलं, हे तिथे कुणी विचारत नाही. सरकारच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या पदरात काय पडलं, हे विचारलं जातं. १९८३ च्या टास्मानियातल्या धरणाच्या खटल्यात न्या. मेसन यांनी हे स्वच्छ लिहिलं: एखादा हक्क कमी झाला किंवा संपला एवढ्याने भागत नाही, कुणाला तरी त्या मालमत्तेत काहीतरी, भले अगदी किरकोळ, हितसंबंध मिळावा लागतो.

ज्यांना १९८३ जुनं वाटतं त्यांनी २०१२ चा सिगारेटच्या पाकिटांचा निकाल बघावा. सरकारने पाकिटांवरचे लोगो, रंग सगळं काढायला लावलं आणि त्या जागी मळकट शेवाळी रंग आणि आणखी मोठे भयानक फोटो आणले. तंबाखू कंपन्या याच कलमाचा आधार घेऊन हायकोर्टात गेल्या. (तिथे हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय. मेसेज लिहिणाऱ्याला हेही माहीत नाही, त्याने ‘सुप्रीम कोर्टाचा आदेश’ असं ठोकून दिलंय.) कंपन्यांचं नुकसान झालं हे कुणी नाकारलं नाही. पण ते लोगो सरकारच्या मालकीचे झाले का? नाही. सहा विरुद्ध एक मताने कंपन्या हरल्या. अब्जावधींच्या ब्रँडचं हे झालं, तिथे डब्यातल्या लाडवांची काय कथा!

यावर कुणी म्हणेल, जाळण्याआधी सरकार वस्तू ताब्यात घेतंच ना, मग ते संपादन नाही का? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर १९५२ पासून ठरलेलं आहे. बर्टन विरुद्ध होनन या खटल्यात बेकायदा आयात झालेली मोटार एका निरपराध माणसाने पैसे मोजून घेतली होती. कस्टम्सने ती सरकारजमा केली आणि कोर्टाने ते मान्य केलं. कायदा मोडल्याबद्दलची जप्ती ‘न्याय्य अटीं’च्या कक्षेत येतच नाही, कारण शिक्षा करायची आणि वर किंमतही चुकती करायची, याला काही अर्थ उरत नाही. १९९४ मध्ये परदेशी मासेमारी जहाजाच्या बाबतीतही तेच झालं. मालकाचा हात नसतानाही जहाज गेलं.

अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. काही वेळा हक्क नष्ट केल्याने सरकारचाच फायदा होतो. आपल्यावर होऊ शकणारा नुकसानभरपाईचा दावाच संसदेने कायद्याने संपवला, तेव्हा १९९४ मध्ये कोर्टाने त्याला संपादन म्हटलं, कारण केंद्राची देणी वाचली. आणि बाहेरून येणारे रोग-किडी रोखणाऱ्या २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्यातही भरपाईची तरतूद आहे. पण तिथे हक्क त्या कायद्यातल्या अटींनी मिळतो, काउंटरवर कलम वाचून दाखवल्याने नाही.

आता खरा घातक भाग, ‘आय डू नॉट कन्सेंट’. विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्याचा अधिकार तुमच्या संमतीवर उभाच नाही. तो सूचना देतो, ती न पाळणं हाच गुन्हा. तांदूळ, हरभरे, जिरे, धणे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, सगळं आपलं रोजचं, पण खपरा भुंगेऱ्यामुळे प्रवाशांच्या सामानात बंद आहे. हा किडा मूळचा आपल्याकडचाच. एकदा ऑस्ट्रेलियाच्या धान्य कोठारांत शिरला तर निर्यात बुडेल, म्हणून त्यांचा इतका धसका. पेढे-बर्फी दुधाचे, म्हणून गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाच्या भीतीने अडवतात. यात अन्याय शोधायचा तर शोधा, पण ‘जाहीर करा’ हा नियम सोपा आहे. कार्डावर ‘होय’ला खूण केली आणि वस्तू दाखवली, तर फार तर ती जाते, दंड होत नाही. न सांगता आणली तर काही हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०१९ पासून व्हिजाही रद्द होऊ शकतो. त्याच वर्षी सिडनीत कच्चं डुकराचं मांस वगैरे घेऊन उतरलेल्या एका व्हिएतनामी बाईंचा व्हिजा तिथेच रद्द करून त्यांना परत पाठवलं होतं. मावशीला बाळ बघायचंय की कलम, हे तिने ठरवावं.

बंदुकांचा मुद्दा: १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडल्या, हे खरं. त्या कायदेशीर मालकांकडून घेतल्या आणि पैशांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेचा कर एका वर्षापुरता वाढवला. त्याचा आणि गुपचूप आणलेल्या मालाचा संबंध नाही. राज्यांचे पोलीस? हे कलम राज्यांना लागूच नाही. २००१ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या कोळशाच्या हक्कांबाबत हायकोर्टाने तेच सांगितलं. बेफाम गाडी चालवणाऱ्यांच्या गाड्या राज्यं चिरडतात ती याच बळावर.

फ्रान्सचा किस्सा मात्र खरा आणि चीड आणणारा. पॅरिसच्या संग्रहालयाने ब्रिस्बेनच्या वनस्पतिसंग्रहाला १०५ वाळवलेले नमुने पाठवले होते, काही एकोणिसाव्या शतकातले. कागदपत्रं अपुरी होती, किंमत लिहिली होती दोन डॉलर, आणि ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याचे ईमेल चुकीच्या पत्त्यावर गेले. मार्च २०१७ मध्ये नमुने जाळले. नंतर खात्याने घाई झाल्याचं कबूल केलं. पण ती प्रशासनाची चूक होती, घटनेचा भंग असं कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही.

पैसे मिळाल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते मेसेजमध्ये नाहीच. २००८ मध्ये नौदलाने एका इंडोनेशियन मच्छीमाराची बोट पकडून नष्ट केली. २०१४ मध्ये कोर्टाने त्याला सुमारे ४४ हजार डॉलर द्यायला लावले, कारण मुळात जप्तीच बेकायदेशीर ठरली. तेव्हा अधिकाऱ्याने घेतलेलं चुकीचं वाटलं, तर जप्तीचा कागद मागून घ्या, वस्तूचा फोटो काढा आणि तक्रार त्या जप्तीविरुद्ध करा.