१६८ जणांनी इंका साम्राज्य जिंकलं, हे खरं नाही

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो: ‘फक्त १६८ स्पॅनिश शिपायांनी बंदुकांच्या जोरावर एका दुपारीत पेरूचं अवाढव्य इंका साम्राज्य बुडवलं. लोक त्यांना देव समजले, वर आपसात भांडत बसले. असं राज्य जाणारच!’ यातला १६८ हा आकडा तेवढा बरोबर आहे.

आधी ती दुपार. १६ नोव्हेंबर १५३२. पेरूतल्या काहामार्का गावच्या चौकाभोवतीच्या इमारतींत स्पॅनिश म्होरक्या फ्रान्सिस्को पिझारोची माणसं दबा धरून बसली होती. सम्राट अताहुआल्पा भेटीला आला तो काही हजारांचा लवाजमा घेऊन, आणि त्यातले बहुतेक निःशस्त्र होते. खरी फौज गावाबाहेरच्या तळावर. याला लढाई म्हणू नका, हा दगा होता. त्या दुपारी राजा पकडला गेला, राज्य नाही. खोलीभर सोनं खंडणी म्हणून घेऊनही पुढच्या वर्षी त्याला मारलं.

बंदुका? जेमतेम डझनभर, आणि चार लहान तोफा. कापाकापी केली ती पोलादी तलवारींनी आणि घोडेस्वारांनी. घोड्यांचा धाक मोठा होता, हे मान्यच. पण इंका शिकले. त्यांनी घोड्यांसाठी खड्डे खणले, पायांत अडकतील असे दोरीला बांधलेले दगड फेकले. ओयांतायतांबोच्या लढाईत तर अताहुआल्पानंतर गादीवर आलेला त्याचा सावत्र भाऊ मान्को इंका स्वतः घोड्यावर होता.

‘देव समजले’ ही गोष्ट नंतरच्या बखरकारांनी रंगवली. अताहुआल्पाने आधीच दूत पाठवून या पाहुण्यांची पाहणी करून घेतली होती. घोडे पैदाशीसाठी ठेवायचे आणि माणसांपैकी काहींना मारायचं, असा आपला बेत होता, हे त्याने कैदेत सांगितल्याचं स्पॅनिश लोकांनीच लिहून ठेवलंय. देवाबद्दल असा बेत कोण करतं?

भाऊबंदकीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. अताहुआल्पा आणि हुआस्कार या सावत्र भावांचं युद्ध नुकतंच संपलं होतं, राज्य पोखरलं होतं. पण ते पेटलं कशामुळे? त्यांचा बाप हुआयना कापाक आणि ठरलेला वारस दोघेही साथीत गेले. अनेक इतिहासकारांच्या मते ती युरोपीय लोकांनी आणलेली देवीची साथ होती, पिझारोच्या आधीच येऊन पोचलेली. ज्यांच्या रोगाने घर फुटलं, त्यांच्याच वारसांनी ‘घर फुटकंच होतं’ म्हणायचं, याची मला चीड येते.

आणि राज्य पडायला किती काळ लागला? १५३६ मध्ये मान्कोने स्पॅनिशांच्या ताब्यात गेलेल्या इंका राजधानीला, कुस्कोला, वेढा दिला. गोफणीतून तापवून लाल केलेले दगड छपरांवर टाकले, गवती छपरं पेटली, शहर जळलं. साक्सायवामानच्या गढीपाशी डोक्यात दगड बसून पिझारोचा भाऊ हुआन मेला. लिमाहून मदतीला निघालेल्या तुकड्या घाटांत दगड लोटून चिरडल्या. शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याचा शिरच्छेद झाला तो १५७२ मध्ये, म्हणजे त्या ‘एका दुपारी’नंतर ४० वर्षांनी.

या ४० वर्षांत स्पॅनिशांच्या बाजूने कोण लढलं, हेच त्या मजकुरात नाही. कान्यारी, चाचापोया, हुआन्का या जमाती: इंकांच्या जाचाला कंटाळलेली माणसं. त्यांच्या हजारो योद्ध्यांशिवाय, हमालांशिवाय, मक्याशिवाय १६८ जण डोंगर चढलेच नसते.

हुआन्का प्रमुखांनी हा सगळा खर्च किपूवर, म्हणजे दोरीच्या गाठींवर, नोंदून ठेवला होता. किती लामा (ओझी वाहणारी जनावरं) दिले, किती मका, किती कापड, किती माणसं. १५६१ मध्ये लिमाच्या न्यायालयात त्यांनी त्या गाठी वाचून दाखवल्या. दिलेला माल एकीकडे, आणि स्पॅनिशांनी लुटून नेलेला दुसरीकडे, वेगळा मोजून.