‘जसे आले तसे पाठवले’ म्हटल्याने जबाबदारी टळत नाही

पुण्यात कोंढवा, कॅम्प, मोमीनपुरा इथल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांत एक युक्तिवाद वारंवार फिरतो: मजकुराचा गुनाह (पाप) लिहिणाऱ्याच्या माथी, आपण तो फक्त पुढे पाठवतो, शिवाय गोष्ट खरी असेल तर ती गीबत (पाठीमागे केलेली निंदा) नव्हे, आणि नियत (हेतू) नेक असेल तर प्रश्नच मिटला. हे दीनच्या, म्हणजे धर्माच्या, नावाने सांगितले जाते, म्हणून उत्तरही दीनच्याच आधारे देतो.

पहिला मुद्दा कुरआननेच खोडून काढला आहे. मदिनेत पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आएशा यांच्या चारित्र्यावर खोटी तोहमत आली, तेव्हा पुढाकार तिथल्या ढोंगी मुसलमानांचा म्होरक्या अब्दुल्लाह इब्न उबय याचा होता; पण सूरह नूरची 11वी आयत, मोठा वाटा उचलणाऱ्याला मोठी शिक्षा सांगतानाच, सामील झालेल्या प्रत्येकाच्या पदरी त्याच्या वाट्याचा गुनाह घालते, आणि 15वी आयत बजावते की ज्याची माहिती नाही ते बोलत राहणे तुम्हाला किरकोळ वाटले, अल्लाहजवळ मात्र ते फार मोठे होते. हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) ग्रंथांत या तोहमतीबद्दल शिक्षा झालेल्यांमध्ये मिस्तह इब्न उसासा यांचे नाव येते. ते बद्रच्या लढाईत लढलेले सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथीदार, होते. तरी ऐकलेले पुढे सांगणे त्यांना माफ झाले नाही.

सूरह हुजुरातची 6वी आयत खबरीची शहानिशा करायला सांगते, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. पुणेकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जून 2014 मध्ये फेसबुकवर पसरलेल्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहर पेटले आणि त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेल्या एका तरुणाचा हडपसरमध्ये जीव गेला.

‘खरे आहे म्हणून गीबत नाही’ हा तर उघड गैरसमज आहे. सांगितलेला दोष त्या माणसात खरोखरच असेल तर, असे विचारल्यावर पैगंबरांनी (स.) उत्तर दिले होते: असेल तर ती गीबत, नसेल तर बोहतान, म्हणजे खोटा आळ. अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची किंवा फसवणुकीपासून कोणाला सावध करण्याची मुभा उलेमांनी (धर्मपंडितांनी) दिली आहे. शेजाऱ्याच्या मुलीचा व्हिडिओ दोनशे जणांना दाखवणे त्यात बसत नाही.

‘कर्मे नियतवर अवलंबून असतात’ ही हदीस खरी आहे, पण नियत नेक असल्याने खोटी खबर खरी होत नाही.

राहिला ‘मेसेज डिलीट केला, तौबा (पश्चात्ताप) केली’ हा बचाव. सूरह बकराच्या 160व्या आयतीत, सत्य लपवणाऱ्यांविषयी बोलताना, तौबेबरोबर सुधारणा करणे आणि उघड सांगणे या दोन्ही गोष्टी आल्या आहेत; त्यामुळे चुकीचे ज्या गटात पाठवले, त्याच गटात, त्याच लोकांसमोर ‘ते चुकीचे होते’ असे स्वतःच्या नावाने लिहावे लागेल.