वादीचे काहीएक म्हणणे नाही

गणपती पाच दिवसांचे असोत वा अकरा दिवसांचे, विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसले की कोकणातल्या घरात कोणती ना कोणती वस्तू कमी झालेली आढळतेच. कुणाची तांब्याची पळी जाते, कुणाचा टॉर्च जातो. आमच्या घरातून यंदा सुरंगीच्या पाठीवरचे केस गेले.

सुरंगी आणि बकुळी या आमच्या नातीच्या दोन गिनी पिग. मुलाची बदली झाली, नव्या शहरातल्या घरमालकाने प्राण्यांना मनाई केली आणि ही जोडी वेंगुर्ल्याला आमच्या पडवीत कायमच्या मुक्कामाला आली. त्यांची मूळची इंग्रजी नावे आमच्या हिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने दारातल्या गजऱ्यांची नावे त्यांना बहाल केली. सोबत नातीने वहीच्या पानांवर लिहिलेली सूचनावली होती. दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून सुके गवत दिवसरात्र समोर हवे. माणसाप्रमाणेच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही म्हणून भोपळी मिरची, कोथिंबीर, पेरू यांपैकी काहीतरी रोज हवे. आणि या दोघींना कधीही, कोणत्याही कारणास्तव, एकमेकींपासून वेगळे करू नये. शेवटच्या कलमाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

माझी उभी हयात दिवाणी न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. कोकणातले दिवाणी न्यायालय म्हणजे सामाईक माड, सरकलेला बांध आणि चुलत्याने बंद केलेली वाट यांचे माहेरघर, त्यामुळे दोन सख्खे नातलग एका आवारात राहू लागले की पुढे काय होणार याचा अंदाज मला इतरांच्या आधी येतो. तरीही या दोघींच्या बाबतीत मी निर्धास्त होतो, कारण त्या एकाच पानाची दोन टोके धरून खात आणि एकमेकींना टेकून झोपत. सामाईकातली माणसे असे करताना मी पाहिलेली नाहीत.

सुरंगीच्या पाठीवर, शेपटी असती तर ती जिथून सुरू झाली असती त्याच्या थोडे वर, तळहाताएवढ्या भागातले केस अगदी आखूड झाले होते. टक्कल पडले नव्हते. कोणीतरी भादरल्यासारखे दिसत होते. शेजारच्या नानी फुले न्यायला आल्या होत्या, त्यांनी पिंजऱ्यात डोकावून तत्काळ निकाल दिला, "ह्यां कातरेचा काम दिसता हां." संशयाची सुई अर्थातच सुट्टीला आलेल्या पोरांकडे वळली. मखरासाठी रंगीत कागद कापताना माझ्या पुतण्याच्या मुलाच्या हाती कात्री होती, हे घरातल्या सर्वांनी पाहिले होते. दुर्दैवाने आरोपी तोवर पनवेलपर्यंत पोचला होता. फोनवरून त्याची उलटतपासणी झाली, तो रडला, त्याची आई रागावली. पुढे आठवडाभरात भादरलेला भाग खांद्यापर्यंत सरकला आणि त्या मुलाची सबळ पुराव्यानिशी सुटका झाली, कारण वेंगुर्ल्यातले केस पनवेलमधून कापता येत नाहीत.

हिचे मत पहिल्यापासून वेगळे होते. भाद्रपदात आमच्याकडे चपलांना, छत्र्यांना, कपाटातल्या शालूला आणि मी जपून ठेवलेल्या जुन्या कागदपत्रांना बुरशी येते. तिने सुरंगीला तेवढे वगळावे असे समजण्याचे कारण नव्हते. "नायटा आहे तो. करंजेल चोळा," असे म्हणून ती बाटली शोधायला गेली. तेल लावलेला प्राणी ते चाटून पोटात घालणार, हे मी तिला समजावेपर्यंत माझ्याही दंडाला खाज सुटली होती, कारण प्राण्यांचा नायटा माणसाला होतो हे मी कुठेतरी वाचले होते आणि वाचलेले सगळे मला तत्काळ होते.

अखेर सुरंगीला भाजीच्या करंडीत घालून आम्ही गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या पुढे एक गाभण म्हैस आणि पाय मोडलेला बोकड होता. बोकडाचा मालक बराच वेळ करंडीकडे पाहत होता; शेवटी त्याने, "ह्येका खातत काय?" असे मला अदबीने विचारले. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या रांगांत लोक हजारो वर्षांपासून यांना खाण्यासाठीच पाळत आले आहेत, हे खरे उत्तर मी हिच्यादेखत देऊ शकलो नाही.

डॉक्टर तरुण होते आणि म्हशीनंतर एवढासा रुग्ण मिळाल्यामुळे प्रसन्न दिसत होते. त्यांनी सुरंगीच्या पाठीवरून बोट उलटे फिरवले आणि मलाही फिरवायला सांगितले. बोटाला खरखर लागली. केस मुळापासून गळाले असते तर कातडी गुळगुळीत लागली असती. इथे ते मधूनच तुटले होते. खाली कातडी स्वच्छ होती, खपली नव्हती, कोंडा नव्हता. नायटा बहुधा नाकाडावर, डोळ्यांच्या आसपास सुरू होतो आणि तिथे पापुद्रे सुटतात. खरजेचे किडे असते तर सुरंगी एवढी शांत बसलीच नसती. त्या किड्यांची खाज इतकी भयंकर असते की खाजवता खाजवता या प्राण्याला झटकेसुद्धा येतात. तरी त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि काही नसल्याची खात्री करून घेतली. वयस्क मादीच्या बीजकोशात गाठी झाल्या तर दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात, पण ते गळतात, तुटत नाहीत. कानांमागे दोन्हीकडे मला आढळलेले टक्कल मी मोठ्या गांभीर्याने दाखवले, तेव्हा ते प्रत्येक गिनी पिगला जन्मजात असते असे कळले.

"काका, हे केस कोणीतरी चावून खाल्ले आहेत," डॉक्टर म्हणाले. "स्वतःचे स्वतः खाल्ले असते तर कुशीवरचे गेले असते. दोन खांद्यांच्या मध्ये हिचे तोंड पोचेल का? आणि या बाजूच्या मिशा बघा." मिशा खरोखरच एका बाजूने कापलेल्या होत्या. स्वतःच्या मिशा स्वतःच्या दातांनी कापता येणे शक्य नाही, एवढे शरीरशास्त्र मलाही समजते. पिंजऱ्यात राहणाऱ्या दोघींपैकी एक तपासणीच्या मेजावर बसलेली असल्यामुळे आरोपीचे नाव विचारण्याची गरज उरली नाही.

मात्र परिस्थितिजन्य पुराव्यावर कोणालाही दोषी धरणे मला आयुष्यभर रुचले नाही, म्हणून त्या रात्री मी पडवीत खुर्ची टाकून, डासांची अगरबत्ती लावून आणि टॉर्चला लाल कागद गुंडाळून बसलो. एवढ्याशा पेटीत एवढे राजकारण चालते याची दिवसा कल्पना येत नाही. आधी बकुळी घशातून खोल घुर्र असा आवाज काढत, मागचा भाग डावीउजवीकडे झुलवत, अतिशय सावकाश पावलांनी सुरंगीभोवती फिरली. ही चाल बहुधा नर माद्यांपुढे काढतात, पण घरात नर नसला तर वरिष्ठ मादी ते काम अंगावर घेते. नंतर दोघी समोरासमोर आल्या आणि हनुवट्या वर करू लागल्या. जिची हनुवटी अधिक उंच ती मोठी, असा त्यांच्यातला सरळ हिशेब आहे, आणि शस्त्राशिवाय एवढ्या लवकर निकाल लागणारा वाद मी दुसरा पाहिलेला नाही. सुरंगीची मान आधी खाली आली. त्यावरही समाधान न होऊन बकुळी तिच्या पाठीवर चढू पाहू लागली, तेव्हा मात्र सुरंगीने मागच्या मागे नेम धरून तिच्या तोंडावर लघवीची चिळकांडी उडवली. त्या रात्रीतला प्रतिवादाचा तेवढा एकच प्रकार मला नोंदवता आला. थोडा वेळ दात कडकडल्याचा आवाज आला. तो थंडीचा नसून तंबीचा असतो.

हे सगळे आटोपल्यावर शांतता झाली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. बकुळीने सुरंगीच्या पाठीवर नाक घासले, दोनचारदा चाटल्यासारखे केले, आणि मग पुढच्या दातांनी केसांची एक बट बुडाजवळ कुरतडून ती गवताच्या काडीसारखी हळूहळू तोंडात ओढून घेतली. मी टॉर्च मारला. बटेचे टोक अजून बाहेर लोंबत होते. आरोपी रंगेहाथ सापडली होती, पण माझे लक्ष वेधून घेतले ते सुरंगीने. ती हलली नाही, ओरडली नाही, तिने मान वळवूनही पाहिले नाही. डोळे अर्धवट मिटून ती जागच्या जागी बसून होती, आणि बकुळी क्षणभर थांबली तेव्हा ती उलट आणखी थोडी तिच्याकडे सरकली.

आता यावर काय करायचे? माझ्या सबंध नोकरीत फिर्यादीशिवाय खटला उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. जिचे नुकसान झाले तिची तक्रार नाही, जिने केले तिला लपवावेसे वाटत नाही, आणि सगळा संताप आम्हा तिऱ्हाइतांचा. "मुकी आहे म्हणून सोसते बिचारी," असे म्हणत हिने त्याच पहाटे आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून सुरंगीला माजघरात हलवले. नातीच्या दोन रेघांची मी आठवण करून दिली, ती ऐकून घेतली गेली नाही.

त्यानंतर उजाडेपर्यंत आमच्या घरात कोणी झोपले नाही. बकुळी पडवीतून शिट्टीसारखी किंचाळत होती, सुरंगी माजघरातून तिला त्याच पट्टीत उत्तर देत होती, आणि दोघींच्या मध्ये असलेल्या ओटीवर मी अंथरुणात बसून होतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिगला एकटे ठेवणे कायद्याने मना आहे, असे नात एकदा म्हणाली होती, तेव्हा मी हसलो होतो. त्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी अशीच एखादी रात्र काढलेली असावी. सकाळी नानी कुंपणापलीकडूनच, "रात्री कोणाक झोडपी होतात?" असे विचारत्या झाल्या. सुरंगीला परत पिंजऱ्यात सोडले तेव्हा ती पळत जाऊन बकुळीच्या पोटाला चिकटली. वेगळे करण्याची मागणी फेटाळली गेली, आणि ती वादीनेच फेटाळली.

डॉक्टरांनाही हेच अपेक्षित होते. रक्त निघाले, जखम झाली, किंवा एकीने दुसरीला खाऊच दिले नाही तरच वेगळे करायचे, अन्यथा नाही. वेगळे केल्यास परत आणताना कोण मोठी हा वाद पहिल्यापासून चालतो. केस खाण्यात मोठेपणा गाजवणे असतेच, पण कंटाळा, गर्दी, भीती आणि चघळायला लांब सुके गवत नसणे ही कारणेही त्याला जोडून येतात. मग त्यांनी गणपतीतला दिनक्रम विचारला आणि मी सांगत गेलो तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला. पडवी पाहुण्यांना लागली म्हणून पिंजरा मागीलदारी न्हाणीजवळच्या कोपऱ्यात कोंबला होता. रात्री उशिरापर्यंत भजने, फुगड्या, फटाके. प्रत्येक मूल येता जाता त्यांना उचलून गणपतीच्या वाहनाशी ताडून पाहत होते. दूर्वांच्या जुड्या बांधून उरलेला पाला त्यांना भरपूर मिळत होता, पण हिरवा पाला घटकेत संपतो आणि तोंड रिकामे राहते. सुक्या गवताचे म्हणाल तर सड्यावरचे गवत कापून होते पावसाळ्यानंतर. भाद्रपदापर्यंत गेल्या सालचे भारे तळाला लागतात आणि जे उरते त्याला ओलीने वास सुटलेला असतो. तो वासाचा भारा हिने टाकून दिला होता, ते योग्यच केले होते, कारण बुरसटलेले गवत त्यांना घालू नये. त्याच्या जागी दुसरे आणायचे मात्र आरत्यांच्या गडबडीत राहून गेले. समोर गवत नाही, बाहेर ढोल, आणि शेजारी केसाळ सुरंगी. बकुळीने जे मिळाले ते चघळले.

उपाय सगळे बिनऔषधाचे निघाले, त्यामुळे हिचा त्यांच्यावर फारसा विश्वास बसला नाही. एका गवळ्याच्या माळ्यावरून कोरडे गवत मिळवले आणि ते दोन कोपऱ्यांत, कमी पडणार नाही इतके भरले. पिंजरा पडवीत परतला आणि सुताराकडून वाढवूनही घेतला. खाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, लपायला घरे दोन, आणि प्रत्येक घराला दारे दोन, म्हणजे एकीने एक दार अडवले तरी दुसरीला बाहेर पडता यावे. कोकणातल्या जुन्या घरांनाही पुढचे आणि मागचे दार असतेच, आणि त्याचा उपयोग भाऊ पुढून आला की मागून निघून जाण्यासाठी कित्येकांनी केलेला मला साक्षीपुराव्यांतून ठाऊक आहे.

सुरंगीची पाठ आता भरत आली आहे. पावसाची झड लागून दिवसभर दार बंद राहिले की एखादी मिशी अजूनही जाते, परंतु तेवढ्याची नोंद मी ठेवत नाही. वाट्यांची वाटणी मात्र आम्ही कागदावर केली तशी झालेली नाही. बकुळी एका वाटीतले खाते आणि दुसऱ्या वाटीत जाऊन बसते. हिने न्यायबुद्धीने तिसरी वाटी आणून ठेवली. सध्या बकुळी तिसरीत बसते, आणि सुरंगी पहिल्या दोन्हींतली भोपळी मिरची संपवते.