जिवंत वजन

गेल्या रविवारी वैरागजवळ आत्याच्या वस्तीवर हुरडा खायला गेलो आणि तिथे माझं वजन झालं. आधीच सांगून टाकतो, कारण मुलीने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकलेलाच आहे.

पहाटे पुण्याहून निघणं, टेंभुर्णीला चहा, कुर्डुवाडीच्या अलीकडे मुलीची ओकारी, सगळं नेहमीचं. हुरडा झकास होता. आगटीतलं गरम कणीस मी तळहातावर चोळायला घेतलं आणि "हाय हाय" करत टाकून दिलं. आत्या म्हणाली, "राहू दे बाबा, तू नुसतं खा." ते मी मन लावून केलं. बहुतेक तेव्हाच शेजारच्या वस्तीवरच्या आबांची नजर माझ्यावर बसली.

आबांनी जन्मभर शेरडांचा व्यापार केलाय. बोकडाच्या कमरेपाशी दाबलं की वजन सांगतात, चुकलं तर अर्धा किलो, असं आतेभाऊ कौतुकाने सांगत होता.

"पावणं, जरा हुबं ऱ्हावा."

मी राहिलो. वडीलधाऱ्यांनी ऊठ म्हटलं की उठायचं, या संस्कारांनी माझं आयुष्यभर नुकसान केलंय. आबा मागे गेले. फासळ्या संपतात तिथे दोन्ही अंगठे रोवले, मग दोन बोटांत मास धरून हलवून पाहिलं. पुढे येऊन दंड दाबला. शेवटी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दातही मोजले असते, पण आत्या समोर होती.

"शहाऐंशी."

"छे हो आबा, अठ्ठ्याहत्तर."

"कवाचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठ्ठ्याहत्तर हे लग्नाच्या वेळचं. मुलगी आता नववीत आहे.

अंगणात लाल कांद्याच्या गोण्या भरणं चालू होतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक काटा तयारच. गोण्या शिवणाऱ्या दोन बायांनी दाभण खाली ठेवलं. मी बूट काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले, "बारदान्याचा एक किलो कापू."

काटा थरथरला आणि ८७.२०० वर थांबला.

"बोकड असता तर निम्मं मटण पडलं असतं," आबांनी माझं सांत्वन केलं. मग पुन्हा कमरेकडे बघून म्हणाले, "न्हाई, निम्मं न्हाई पडायचं. चरबी लै हाय."

आता बायकोचा नंबर असं मला वाटलं होतं. निदान न्याय म्हणून तरी. पण "वैनीसायबांचं नगं" असं आबा अदबीने म्हणाले, आणि वैनीसाहेब तोवर चुलीपाशी पोचल्याही होत्या. त्या घरात भाकरी थापणारी मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

विषय बदलावा म्हणून मी गोठ्यातल्या काळ्या शेळीची जात विचारली. "उस्मानाबादी." म्हटलं, जिल्ह्याचं तर धाराशिव झालं. आबा म्हणाले, "शेरडाला कुनी सांगितलं न्हाई अजून." त्या शेळीने माझ्याकडे असं पाहिलं, की तिलाही आकडा कळला होता.

मला राग वजनाचा नाही. हे लोक पुण्यात येतात तेव्हा मी पलंग देतो, स्वतः हॉलमध्ये झोपतो, सोसायटीत पार्किंगसाठी वॉचमनच्या विनवण्या करतो. कुणाच्या कमरेला हात लावत नाही.

तसं मी आतेभावाला म्हटलंही. तो हसता हसता थांबला. "तुझा एकच किलो कापला रं. आमचं बघ. हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. कापून कापून राहतं काय?" मग त्याने ती गोष्ट काढली, जी त्या भागात कांद्याचा विषय निघाला की निघतेच. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव रुपया किलो. सगळा खर्च वजा जाऊन हातात चेक आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा.

दाभण पुन्हा चालायला लागलं. कुणी काही बोलेना. आबा मात्र बोटांवर हिशेब करत होते.

"त्यो भाव लावला तर पावण्याचं शहाऐंशी रुपय," ते म्हणाले. "खर्च जाऊन चाळीस पैसं."

सगळ्यात मोठ्याने आत्या हसली. माझी सख्खी आत्या.

निघताना डिकीत वीस किलो कांदा, बोरं, हुरड्याची पिशवी आलीच. नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं तर नको नव्हतंच. गाडी वळवताना गोठ्याच्या भिंतीकडे लक्ष गेलं. खडूने लाइटच्या पाळीचे वार लिहिलेले, त्याखाली गाय भरवल्याची तारीख, आणि त्याखाली आबांच्या अक्षरात ताजं ताजं: "पुण्याचं पावनं ८६.२००".

काल फोनवर आतेभावाला म्हटलं, तेवढं पुसून टाक. तो म्हणाला, ओला फडका फिरवला तर वरची तारीखही जाईल. गाय विईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही.

म्हणजे दसऱ्यापर्यंत मी तिथे आहे.